धन, ऋण आणि अर्थ

मराठी गद्याचा विचार करताना सूचनापत्राकडे आपले लक्ष सहसा जात नाही. निबंध, चरित्र, पत्रे, प्रवासवर्णने, इतकेच काय पण बखरींतील यादीवजा मजकूरही आपण अभ्यासाला घेतो. मात्र यंत्राच्या खोक्यातून निघणारे, घडीच्या रेषांवर फाटत जाणारे ते चतकोर पान कोणी गद्य म्हणून वाचत नाही. ‘व्यावहारिक मराठी’ शिकवताना आम्ही अर्ज, इतिवृत्त, जाहिरात आणि बातमी यांपाशी थांबतो. वस्तुतः ज्या गद्याच्या वाचनावर वाचकाचे बोट, डोळा किंवा निदान त्याच्या पुढ्यातील वस्तू अवलंबून असते असा प्रकार दुसरा कोणता आहे, हे आठवून पाहावे.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. आमच्याच महाविद्यालयातील इलेक्ट्रॉनिक्स विभागाच्या मॅडमनी एक काम आमच्याकडे सोपवले. पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलावर जो डीसी पॉवर सप्लाय असतो, तो सुरक्षितपणे कसा जोडावा आणि वापरावा याचे एका पानाचे मराठी पत्रक त्यांना हवे होते. मुले बहुतांशी मराठी माध्यमातून आलेली; यंत्राचे पुस्तक इंग्रजीत. विभागात एक जुने मराठी पत्रक भिंतीवर होते, परंतु ते वाचून कोणाचे काही अडत वा सुटत नसे. समजले नाही तर विचारायचे नाही, शेजारच्या टेबलावर पाहून तारा लावायच्या, अशी रीत पडून गेली होती. “त्यांना वीज समजत नाही असं नाही, सर,” मॅडम म्हणाल्या, “वाक्य समजत नाही.” वाक्य हा आमचा प्रांत, तेव्हा नाही म्हणण्याची सोय नव्हती.

विभागात या यंत्राला ‘आरपीएस’ म्हणतात. रेग्युलेटेड पॉवर सप्लायचे ते लघुरूप. भिंतीतली २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तने करणारी एसी वीज तो आत घेतो आणि बाहेर हव्या त्या मापाची, एकाच दिशेची, स्थिर डीसी वीज देतो. येथील सप्लाय ० ते ३० व्होल्ट आणि ० ते २ अँपिअर या टप्प्यातले आहेत. दर्शनी बाजूला दोन आकडे, व्होल्टेजचा आणि करंटचा असे नॉब, आणि खाली तीन टर्मिनल: लाल, काळे आणि हिरवे. पत्रकाचा सगळा पेच या तीन रंगांत होता.

साहित्याचा माणूस प्रथम अडखळतो तो व्होल्टेजपाशी. ‘हा बिंदू १२ व्होल्टवर आहे’ हे वाक्य व्याकरणाने पूर्ण असले तरी आशयाने अपुरे आहे. ‘कशाच्या तुलनेत’ हे त्यात गाळलेले असते. एकट्या बिंदूला व्होल्टेज नसते, दोन बिंदूंमध्ये असते. शालेय पुस्तकांतला ‘विभवांतर’ हा शब्द जड खरा, पण त्यातले ‘अंतर’ ही गोष्ट उघडपणे सांगते, जी व्होल्टेज या सुटसुटीत शब्दात लपून राहते. भाषेत जे काही आहे ते भेदांतून आहे, हा सोस्यूरचा विचार, १९१६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतला, एम.ए.च्या वर्गात समजावताना आम्हांला घाम फुटतो. येथे तो दोन तारांत दिसतो. मल्टिमीटरची एकच तार लाल टर्मिनलला लावली तर वाचण्याजोगे काहीच मिळत नाही. दुसरी कुठे टेकवता यावर पहिलीचे मूल्य ठरते.

लाल ते धन आणि काळे ते ऋण. हे शब्द विजेपेक्षा फार जुने आहेत. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मधील ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या गणिताचे नियम दिले; मालमत्ता आणि कर्ज हे व्यवहारातले शब्द त्याने संख्यांना लावले. तिकडे बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ मध्ये विजेच्या आधिक्याला ‘अधिक’ आणि उणिवेला ‘उणे’ म्हटले, त्यालाही जमाखर्चाचाच वास आहे. पुढे १८९७ मध्ये जे. जे. टॉमसनने इलेक्ट्रॉनचा शोध लावला आणि तारेत प्रत्यक्ष वाहणारे कण ऋणभारित असतात, म्हणजे आपण मानतो त्याच्या उलट दिशेने जातात, हे कळून आले. नावे मात्र तशीच राहिली, आणि त्याने काही बिघडलेही नाही. सर्वांनी एकच संकेत पाळला की हिशेब जुळतो. संकेत मोडला की काय होते ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा जोडल्यावर समजते. त्याच्या आतील ऑक्साइडचा पातळ थर एकाच दिशेचे व्होल्टेज सोसू शकतो. दिशा उलटली की तो तापतो, आत वायू साठतो आणि शेवटी डोके फुटून आतला द्रव बाहेर उडतो. संकेत यादृच्छिक असतो, पण त्याचे परिणाम यादृच्छिक नसतात, हे चिन्हमीमांसेच्या कोणत्याही तासापेक्षा येथे लवकर पटते.

हिरव्या टर्मिनलपाशी काम अवघड झाले. त्याला प्रयोगशाळेत ‘अर्थ’ म्हणतात. घरात वायरमन येतो तोही “अर्थिंग आहे ना?” असेच विचारतो. देवनागरीत लिहिला की हा शब्द आमच्या पोटापाण्याच्या शब्दाशी एकरूप होतो: अर्थ म्हणजे आशय, अर्थ म्हणजे पैसा आणि अर्थ म्हणजे जमीन. हे टर्मिनल सप्लायच्या धातूच्या पेटीला, तेथून तीन पिनांच्या प्लगमधील मोठ्या पिनेला आणि तेथून इमारतीच्या अर्थिंगला जोडलेले असते. पेटीच्या आतली २३० व्होल्टची तार कधी सुटून पेटीला टेकलीच, तर प्रवाहाला माणसाच्या अंगापेक्षा सोपी वाट मिळावी आणि फ्यूज जावा, एवढ्यासाठी ही व्यवस्था. आपल्याकडच्या प्लगमध्ये ही पिन इतर दोहोंपेक्षा लांब आणि जाड असते. ती सर्वांआधी जोडली जाते आणि सर्वांनंतर सुटते. बोर्डात बसत नाही म्हणून ती काढून टाकणे किंवा दोन पिनांचा जोड लावणे म्हणजे ही वाटच बुजवणे होय.

आता जुन्या पत्रकातील वाक्य पाहा: ‘सर्किटचा ग्राउंड सप्लायच्या ग्राउंडला जोडावा.’ पाच शब्दांचे निर्दोष मराठी वाक्य. पण ‘ग्राउंड’ या एका शब्दात येथे तीन वस्तू आहेत. कोणी काळ्या टर्मिनलला ग्राउंड म्हणतो, कोणी हिरव्याला, आणि सर्किटच्या ज्या बिंदूपासून बाकीची सर्व व्होल्टेजे मोजायची त्यालाही ग्राउंडच म्हणतात. प्रत्यक्षात लाल आणि काळे ही दोन्ही टर्मिनल हिरव्यापासून अलग असतात. ज्या मुलाने ‘सप्लायचा ग्राउंड’ म्हणजे हिरवे असे वाचले, त्याने लाल आणि हिरवे यांमध्ये सर्किट लावले, आणि ते चाललेच नाही. प्रवाहाला काळ्याकडे परतण्याची वाटच नव्हती. काही सप्लायना काळे आणि हिरवे एकत्र बांधणारी धातूची पट्टी असते. तशी पट्टी असलेल्या टेबलावर तीच चुकीची जोडणी चालते. मग मुलगा निष्कर्ष काढतो की यंत्रच लहरी आहे.

यापेक्षा घातक प्रसंग सीआरओ जोडताना येतो. सीआरओच्या प्रोबची चिमटी त्याच्या पेटीमार्फत इमारतीच्या अर्थला जोडलेली असते. सप्लायचे काळे टर्मिनल पट्टीने अर्थला बांधलेले असेल आणि मुलाने ती चिमटी सर्किटमधल्या १२ व्होल्टच्या बिंदूला लावली, तर चिमटी, सीआरओ, भिंतीतले अर्थिंग आणि सप्लायची पट्टी असा एक रस्ता तयार होतो, जो टेबलावर कोठेही दिसत नाही. लाल टर्मिनल थेट काळ्याला जोडल्यासारखेच ते होते. तारा तपासणारा डोळा तारांतच चूक शोधत राहतो आणि चूक भिंतीत असते. संहितेत नसलेला संदर्भ संहितेचा अर्थ बदलतो असे आम्ही वर्गात म्हणतो, पण त्याने तेथे कधी काही जळत नाही.

म्हणून पत्रकातून ‘ग्राउंड’ हा शब्द आम्ही हद्दपार केला. काळे ते ‘ऋण’, हिरवे ते ‘अर्थ’ आणि मोजणीचा आधारबिंदू ते ‘सर्किटचे शून्य’, असे तीन वस्तूंना तीन शब्द दिले. इंग्रजी पुस्तकात लाल-काळ्या जोडीला ‘फ्लोटिंग’ म्हटले होते. त्यासाठी आम्ही ‘तरंगते’, ‘अधांतरी’, ‘भूमुक्त’ असे शब्द घोळवून पाहिले. ‘अधांतरी’चा मोह मोठा होता, परंतु अधांतरी म्हणजे भरवशाचे नव्हे, अशी त्या शब्दाची छाया आहे आणि येथे तर अर्थपासून अलग असणे हीच सोय आहे. अखेर पारिभाषिक शब्दाचा नाद सोडून एक वाक्यच लिहिले: ‘पट्टी लावलेली नसेल तर लाल आणि काळे यांपैकी कोणतेही टर्मिनल अर्थला जोडलेले नसते.’ संज्ञेपेक्षा वाक्य लांब होते, पण त्याला कोश लागत नाही.

दुसरा नॉब करंटचा. नवख्याचा समज असा की व्होल्टेजच्या नॉबने व्होल्टेज द्यायचे आणि करंटच्या नॉबने करंट द्यायचा. तसे नाही. करंट किती घ्यायचा हे सर्किट ठरवते; नॉब फक्त ‘यापलीकडे नाही’ एवढेच सांगतो. येथे ‘मर्यादा’ हा शब्द अगदी चपखल बसतो. समजा १२ व्होल्ट लावले आणि मर्यादा अर्धा अँपिअर ठेवली. ४८ ओहमचा रोध जोडला तर ओहमच्या १८२७ मधल्या नियमानुसार पाव अँपिअर वाहील, व्होल्टेज १२ वरच राहील आणि ‘सीव्ही’चा दिवा लागलेला असेल. १० ओहमचा जोडला तर त्याला १.२ अँपिअर हवे असतील. सप्लाय अर्ध्यावर थांबतो, व्होल्टेज घसरून ५ वर येते आणि ‘सीसी’चा दिवा लागतो. २४ ओहम ही दोहोंमधली सीमारेषा.

हा सीसीचा दिवा म्हणजे यंत्राची सर्वांत मोलाची सूचना, आणि तीच सर्वाधिक उलटी वाचली जाते. व्होल्टेज पडलेले पाहून मुलगा मर्यादेचा नॉब वाढवतो. आकडा पुन्हा १२ कडे चढू लागतो, त्याला बरे वाटते, आणि ज्या चुकीच्या जोडणीमुळे प्रवाह वाढला होता तिला यंत्र आणखी वीज पुरवते. चाळीस मिलीअँपिअर घेणाऱ्या सर्किटला मर्यादा साठ-सत्तरची हवी. तेथेही दिवा लागला, तर आउटपुट बंद करून तारा तपासायच्या. मर्यादेला आपण अडथळा समजतो, म्हणून ती ओलांडल्यावर काम झाल्यासारखे वाटते. हे केवळ प्रयोगशाळेत घडते असे नाही.

मर्यादा सर्वांपासून वाचवते असेही नाही, आणि हे सांगणे भाग होते. सप्लायच्या मुखाशी एक कपॅसिटर असतो. मर्यादा वीस मिलीअँपिअर ठेवली, आउटपुट १२ व्होल्टवर चालूच ठेवले आणि त्यावर नुसता एलईडी टेकवला, तर मर्यादा जागी होण्याआधी कपॅसिटरमधला साठा एलईडीतून जातो आणि तो जळू शकतो. जोडणी करताना आउटपुट बंदच हवे, याचे हे एक कारण. दुसरी गोष्ट बॅटरीची. ती उलटी जोडली तर तीच सप्लायमध्ये प्रवाह ढकलते, आणि त्यावर सप्लायच्या मर्यादेचा अंमल चालत नाही. ३० व्होल्टने कोरड्या हाताला सहसा झटका जाणवत नाही. परंतु गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन टोकांत अंगठी किंवा कडे अडकले, तर शेकडो अँपिअर वाहून ते हातातच तापून लाल होऊ शकते. धोका व्होल्टेजच्या आकड्यात असतो तसा मर्यादेच्या अभावातही असतो.

इथवर मॅडम आमच्या शिक्षिका होत्या. पुढचे काम वाक्याचे होते, आणि तेथे मराठीचे दोन स्वभाव आडवे आले. पहिला नकाराचा. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही शेवटी. ‘आउटपुट चालू असताना सर्किटच्या तारा सप्लायला जोडू नयेत’ हे वाक्य, एका हातात तार धरून भिंतीकडे ओझरते पाहणारा मुलगा ‘जोडू’पर्यंतच वाचतो; ‘नयेत’ येईपर्यंत त्याने जोडलेली असते. कवितेत असा शेवटी येणारा नकार मोठे काम करतो, वाचकाला एका दिशेने नेऊन अवचित वळवतो. सूचनापत्रात अवचित वळणे परवडत नाही. आम्ही प्रत्येक निषेध विधीत बदलला: ‘आधी आउटपुट बंद करा. मग तारा जोडा.’

दुसरा स्वभाव ‘ऊन’चा. जुन्या पत्रकात होते: ‘सप्लाय सुरू करून, व्होल्टेज लावून, मर्यादा ठरवून, तारा जोडून आउटपुट सुरू करावे.’ चार अव्ययी कृदंते आणि एकच पूर्ण क्रियापद. मराठीचा हा मोठा गुण आहे. कथनाला त्यामुळे ओघ येतो. पण ज्या कृतीला स्वतःचे क्रियापद नाही ती वाचकाला दुय्यम वाटते. त्या वाक्यातले ठळक क्रियापद ‘सुरू करावे’ हे. आणि मुले नेमके तेवढेच करीत. त्यातही ‘करावे’ हा विध्यर्थ, ज्यात उपदेश असतो, आणि उपदेश ऐकायचाच असतो असे नाही. आम्ही आज्ञार्थ घेतला, कृतीला एक वाक्य दिले आणि क्रमाला आकडे दिले. शेवटी जे उरले ते असे:

१. प्लग तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा. पेटीचे झाकण बंदच ठेवा. आत २३० व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये साठा राहतो.

२. सप्लाय सुरू करा. आउटपुट बंद आहे हे पाहा. आउटपुटचे वेगळे बटण नसेल तर तारा सुट्या ठेवा.

३. व्होल्टेज ठरवा. मल्टिमीटरने खात्री करा.

४. सर्किटला किती करंट लागेल ते आधी वहीत लिहा. मर्यादा त्याहून थोडी वर ठेवा.

५. आउटपुट बंद करा, किंवा वेगळे बटण नसेल तर सप्लायच बंद करा. लाल तार धनला जोडा. काळी तार ऋणला जोडा. हिरव्याला काहीही जोडण्यापूर्वी शिक्षकांना विचारा.

६. धन-ऋण पुन्हा पाहा. कपॅसिटर आणि आयसी यांची दिशा पाहा.

७. आउटपुट सुरू करा. नजर करंटच्या आकड्यावर ठेवा.

८. सीसीचा दिवा लागला तर आउटपुट बंद करा आणि चूक शोधा. मर्यादा आहे तेथेच ठेवा.

९. काम संपल्यावर आधी आउटपुट बंद करा. मग तारा काढा.

दोन सप्लाय एकत्र जोडण्याचा भाग मॅडमनी दुसऱ्या पानासाठी राखून ठेवला. एकाचे ऋण दुसऱ्याच्या धनला जोडून त्या सांध्याला सर्किटचे शून्य मानले, की एकीकडे अधिक १५ आणि दुसरीकडे उणे १५ व्होल्ट मिळतात. ऑप-अँपच्या प्रयोगांना ते लागतात. दोन ३० व्होल्टचे सप्लाय असे जोडले तर दोन टोकांत ६० व्होल्ट येतात, तेव्हा ‘डीसी आहे, काही होत नाही’ ही बेफिकिरी सोडावी लागते. जास्त करंटसाठी दोन सप्लाय समांतर जोडणे मात्र निर्मात्याने तशी सोय दिली असेल तरच करायचे असते. हे सारे शिक्षकासमोर करण्याचे प्रयोग.

या कामाने आमच्या व्यवसायाबद्दल एक गोष्ट स्पष्ट झाली. साहित्याचा विद्यार्थी अनेकार्थतेचा आदर करायला शिकतो आणि तंत्राचा विद्यार्थी एकार्थतेचा, अशी विभागणी आपण सहज करतो. परंतु एकार्थी वाक्य कोण लिहू शकेल? ज्याला त्याचे इतर अर्थ आधी दिसतात तो. ‘ग्राउंड’मध्ये तीन वस्तू आहेत हे इलेक्ट्रॉनिक्सच्या अध्यापकांना ठाऊक असते, पण इतके सवयीने ठाऊक असते की शब्दाकडे पाहताना ते जाणवेनासे होते, शब्दापाशी थबकण्याची खोड आमची. कवितेतले श्लेष उलगडण्यासाठी आम्ही जी नजर वर्षानुवर्षे घासली तीच येथे श्लेष काढून टाकायला उपयोगी पडली. मराठी विभागांनी अशी कामे कमी प्रतीची मानून नाकारायची, आणि मग ज्ञानभाषा म्हणून मराठीचे काय होणार याची परिसंवादांत काळजी वाहायची, यातली विसंगती आता अधिक टोचते. शास्त्र मराठीत येते ते कोशांतून आणि तितकेच अशा नऊ ओळींतून. त्या कोणी तरी लिहाव्या लागतात.

पत्रक आता प्रत्येक टेबलावर आहे. मुलांचे प्रश्न थांबले नाहीत, उलट वाढले आहेत, असे मॅडम सांगतात. पूर्वी जेमतेम एखादा मुलगा “मॅडम, ही तार कुठे लावू?” असे विचारी. आता चौथ्या सूचनेपाशी एकेक जण थांबतो आणि विचारतो, “माझं सर्किट किती करंट घेईल, ते कसं काढायचं?” त्याचे उत्तर पत्रकात नाही. ते त्यांच्या पाठ्यपुस्तकात, ओहमच्या नियमाच्या पानावर आहे, आणि ते पान मुले आता उघडून पाहतात.